आधी त्यांचं गाणं ऐकू या

घाटकोपर पश्चिमेच्या चिरागनगरात, एका झोपडीत, मराठीतल्या एका थोर लेखकाने उमेदीची वर्षं काढली. तुकाराम भाऊराव साठे हे त्यांचं नाव. महाराष्ट्र त्यांना अण्णा भाऊ साठे म्हणून ओळखतो. १९५९ साली ‘फकिरा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा ते इथेच राहत होते. शाळेत ते जेमतेम दीड दिवस टिकले. वारणेच्या खोऱ्यातल्या वाटेगावाहून आईवडिलांबरोबर पायी चालत मुंबईला आले, पडेल ती कामं केली, गिरणीत राबले आणि पुढे कथा, कादंबऱ्या, पोवाडे, लोकनाट्यं, प्रवासवर्णन असं विपुल लिहिलं. २००२ साली भारताच्या टपालखात्याने त्यांचं तिकीट काढलं आणि २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला.

आज घाटकोपर-मुलुंडच्या कुठल्याही शाळेतल्या मुलाला अण्णा भाऊंचं नाव विचारून पाहा. बहुतेकांच्या कानावरून ते गेलेलं असतं. एक ऑगस्टचे, म्हणजे त्यांच्या जयंतीचे फलक, मिरवणूक, हार घातलेली तसबीर मुलांनी पाहिलेली असते. त्यांची एखादी गोष्ट वाचलीस का, असा पुढचा प्रश्न केला की मूल गप्प होतं. तसबीर पोचली, गोष्ट पोचली नाही. अण्णा भाऊंचं जे झालं तेच शिवाशिवीच्या काळात घडलेल्या कितीतरी शाहिरांचं, कवींचं, कलावंतांचं आणि खेळाडूंचं झालं. त्यांची नावं चौकांना आणि सभागृहांना मिळाली. त्यांनी जे गायलं, लिहिलं, करून दाखवलं, ते मात्र मुलांच्या हाती क्वचितच लागलं. ही उणीव भरून काढावी एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.

शिवाशिवीचा काळ म्हणजे नेमका कोणता, हे आधी सांगायला हवं. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट झाल्याचं जाहीर केलं आणि १९५५ साली ती पाळणं हा गुन्हा ठरवणारा कायदा आला. त्याआधी शतकानुशतकं गावचा पाणवठा, देवळाचा गाभारा, शाळेतला बाक, हॉटेलातला कप, स्मशानाची जागा हे सगळं जातीने वाटून दिलेलं होतं. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक विहिरी, तळी आणि शाळा सर्वांना खुल्या करण्याचा ठराव केला. तरीही महाडच्या चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी पिण्यासाठी १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंच्या साथीने सत्याग्रह करावा लागला. या पुस्तकातली माणसं या काळात जन्मली आणि वाढली. त्यांतले काही कायदा झाल्यानंतरही दीर्घकाळ लिहिते-गाते राहिले, कारण कायदा एका दिवसात होतो आणि माणसाच्या मनातला विटाळ जायला पिढ्या लागतात.

या परंपरेचा आरंभ आम्ही एका मुलीपासून मानला आहे. मुक्ता साळवे ही जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली मातंग विद्यार्थिनी. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तिचा निबंध छापून आला. मांग-महारांचं दुःख हा त्याचा विषय होता. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न तिने चौदाएक वर्षांच्या वयात विचारला. आजची आठवी-नववीतली मुलगी तिच्याच वयाची. मुलांना या विषयाची ओळख करून देताना याहून चांगलं दार आम्हाला सापडलं नाही.

पुढच्या अर्धशतकात लेखणी मोठ्यांच्या हाती आली. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८च्या सुमारास विटाळाच्या कल्पनेवर प्रश्नांची सरबत्ती करणारी पुस्तिका लिहिली. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ चालवलं. नागपूरच्या किसन फागुजी बनसोडे यांनी कविता लिहिल्या आणि वृत्तपत्रंही काढली. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचं ‘मूकनायक’ निघालं. हा झाला छापील शब्दाचा प्रवाह.

दुसरा प्रवाह गळ्याचा, आणि आमच्या मते तोच अधिक दूरवर गेला. सत्यशोधक चळवळीने तमाशाच्या साच्यातून जलसा घडवला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याचा आंबेडकरी जलसा केला. ढोलकी तीच, झीलकरी तेच, गण-बतावणीचा घाटही ओळखीचा. गौळणींची छेडछाड मात्र गेली आणि तिथे पाणवठा, सावकार, शाळा, मेलेलं ढोर ओढण्याची सक्ती हे विषय आले. ज्या माणसांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत चळवळ पोचली ती या गाण्यांतून. एका जलशाचं मोल बाबासाहेबांनी आपल्या दहा भाषणांइतकं मानलं, असं जुने शाहीर अभिमानाने सांगत आले आहेत.

वामनदादा कर्डक हे या प्रवाहातलं सर्वांत लाडकं नाव. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे त्यांचं गाव. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. रस्त्याने जाता-येता दुकानांच्या पाट्या लावून लावून ते वाचायला शिकले. १९४३ साली पहिलं गीत लिहिणाऱ्या या माणसाच्या नावावर अखेरीस हजारो गीतं जमा झाली. २००४ साली ते गेले, पण चौदा एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत कुठल्याही वस्तीत कान दिला तर त्यांची एखादी रचना ऐकू येतेच.

तिसरा प्रवाह कामगार रंगभूमीचा. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक उभारलं. बार्शीचे अमर शेख मुसलमान घरातले. जातीची, धर्माची कुंपणं ओलांडून हे तिघं एका मंचावर उभे राहिले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदानं भरली. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णा भाऊंनी केलं. त्यानंतर १९६३ साली बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला, १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला, १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ हे आत्मकथन आलं. शांताबाई कांबळे आणि बेबी कांबळे यांनी स्वतःची आयुष्यं स्वतःच्या बोलीत लिहिली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या आठवणी ऐन वेळी टिपून ठेवल्या. त्या टिपल्या नसत्या तर कायमच्या गेल्या असत्या.

यांच्यापलीकडेही काही माणसं आहेत. त्यांनी चळवळ म्हणून काही केलं नसेल, पण त्यांच्या कसबाने काळाला दखल घ्यायला लावली. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या पवळाबाईंनी तमाशाच्या बोर्डावर उभं राहून बाईचा आवाज थाटात ऐकवला. त्यांच्यासाठी रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, म्हणजेच शाहीर पठ्ठे बापूराव, घरदार आणि जात सोडून आले. क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांची हकीकत मुलांना आम्ही मुद्दाम सविस्तर सांगितली आहे. पुण्याच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता ते गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करत आणि त्यातूनच त्यांची डावखुरी फिरकी घडली. गोऱ्यांना हरवायचं तर बाळू संघात हवेत, हे हिंदू क्लबाला कळत होतं, म्हणून त्यांना संघात घेतलं. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र इतरांना पॅव्हेलियनमध्ये कपबशी मिळे आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. वापरून झालं की ते भांडं फेकून देत. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात याच गोलंदाजाने सर्व सामने मिळून शंभरावर बळी घेतले. धाकटे बंधू विठ्ठल हे पुढे १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले. एका भावाच्या हातात मातीचं भांडं आणि दुसऱ्याच्या हाती कर्णधारपद, यांच्यामध्ये किती चेंडू टाकावे लागले असतील, हे मुलांनी स्वतःच ताडावं.

हे सगळे एका मताचे होते असं मात्र मुलांना सांगू नये. पाळवणकर बाळू १९३७च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्याच विरोधात उभे राहिले आणि पडले. अण्णा भाऊ साम्यवादी होते आणि तरी ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. बाईला नाचवून उभा केलेला पैसा चळवळीला नको, म्हणून बाबासाहेबांनी तमाशाच्या खेळाची मदत नाकारली, अशी आठवण सांगितली जाते. मग पवळाबाईंच्या कलेकडे कसं पाहायचं? हा प्रश्न मुलांपुढे मोकळेपणाने ठेवता येतो. थोर माणसं एकमेकांशी भांडतात आणि तरीही थोर राहतात, हे मुलांना लवकर कळलेलं बरं.

अमेरिकेचा उल्लेख या पुस्तकात वारंवार येतो, त्याचं कारण इथल्याच इतिहासात आहे. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीच्या उशालाच. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली आणि ड्यू बॉइस यांनी अगत्याने उत्तर पाठवलं. १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी दलित पँथर स्थापन केली तेव्हा अमेरिकेतली ब्लॅक पँथर त्यांच्या डोळ्यांसमोर होती. त्याहीआधी, १९३०च्या दशकात, लिऑन ॲबे आणि टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवत होते. त्याच शहरात, त्याच वर्षांत, चाळींच्या पटांगणांत आंबेडकरी जलशांची ढोलकी वाजत होती. दोन्ही आवाज एकमेकांपर्यंत पोचले नसतील, पण दोन्हींची मुळं सारख्याच जमिनीत होती.

मुलांसाठी लिहिण्याच्या बाबतीत तर अमेरिकेचं उदाहरण थेट आपल्या कामाचं आहे. ‘मूकनायक’ निघालं त्याच महिन्यात, जानेवारी १९२०मध्ये, ड्यू बॉइस यांनी ‘द ब्राउनीज बुक’ हे कृष्णवर्णीय मुलांसाठीचं मासिक सुरू केलं. जेसी फॉसेट या लेखिकेने त्याच्या संपादनाची मोठी जबाबदारी उचलली. आपल्या मुलांनी स्वतःच्या रंगाची माणसं आदराने छापलेली पाहावीत, हा त्यामागचा हेतू. मासिक दोन वर्षंच टिकलं. तेवढ्यात लँग्स्टन ह्यूज या कोवळ्या कवीला त्याने पहिलं व्यासपीठ दिलं आणि मोठेपणी ह्यूज यांनीही मुलांसाठी कृष्णवर्णीय थोरांची चरित्रं आणि जॅझवरचं पुस्तक लिहिलं. एका पिढीने मुलांसाठी केलेलं काम पुढच्या पिढीच्या लेखकाला घडवून गेलं, हे त्यातून दिसतं.

आपल्याकडे मुलांना ही माणसं सांगण्याच्या काही रीती रुळल्या आहेत. पहिली महापुरुष-चरित्राची. जन्म, गरिबी, कष्ट, यश, निधन. तिने बाबासाहेब घराघरांत पोचले हे तिचं श्रेय मोठं, पण तिच्यात माणूस लवकर पुतळा होतो. दुसरी रीत सोज्वळपणाची. ती गुणगान करते आणि जात गाळते; अण्णा भाऊ ‘गरीब घरातले’ होते एवढंच सांगते. गरिबी अनेकांच्या वाट्याला आली, विटाळ मात्र ठरावीक लोकांच्याच वाट्याला आला. हा फरक पुसला की मुलांना अर्धंच खरं कळतं. तिसरी रीत दुःखाची. ती अपमानांची यादी वाचून दाखवते. ऐकणारं मूल हळहळतं किंवा अवघडतं, आणि त्याच समाजातलं मूल वर्गात मान खाली घालून बसतं. चौथी रीत लोकांची स्वतःची: आजीच्या ओव्या, भीमगीतं, चैत्यभूमीवर विकायला येणाऱ्या पुस्तिका आणि कॅसेटी. ही सर्वांत जिवंत, पण ती वस्तीबाहेरच्या मुलांपर्यंत पोचत नाही. अलीकडे चित्रांची वाटही खुली झाली आहे. २०११ साली आलेल्या ‘भीमायन’मध्ये दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचं आयुष्य आपल्या शैलीत रेखाटलं आणि एकाच पानावर गोष्ट, इतिहास आणि कला नांदू शकतात हे दाखवून दिलं.

या पुस्तकाने या सगळ्या रीतींकडून शिकून एक क्रम ठरवला आहे. आधी कला, मग काळ. वामनदादांचं गीत मूल आधी ऐकेल, ठेका धरेल, त्यातली गंमत त्याला कळेल. ज्याने हे रचलं त्याला अक्षरं मोठेपणी का शिकावी लागली, हे त्यानंतर येईल. बाळूंचा चेंडू आधी वळेल, मातीचं भांडं नंतर दिसेल. कसबाने मूल भारावलं की अन्यायाचा राग त्याच्या मनात आपसूक येतो आणि तो दयेपेक्षा निरोगी असतो. भारावण्याआधीच अन्याय सांगितला तर समोरचा माणूस मुलाला केवळ बिचारा वाटतो. ही माणसं बिचारी नव्हती.

उदाहरणादाखल अण्णा भाऊंच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेचं पाहा. कथा आपल्याच उपनगरातली आहे. वारणेकाठचा धिप्पाड भीमा पोटासाठी मुंबईला येतो आणि डोंगराजवळच्या वस्तीत राहून दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. उपाशी भीमाला स्मशानातल्या राखेत सोनं सापडतं आणि मग रात्री मढ्याची राख चाळणं हा त्याचा धंदा होतो. एका रात्री प्रेतासाठी त्याची कोल्ह्यांशी झुंज होते. त्या झुंजीचं वर्णन अंगावर काटा आणतं. सोनं काढताना प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटं तो गमावून बसतो आणि नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. दगड फोडणारे हातच निकामी झालेले. ही कथा बारा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवावी का, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. आम्ही ठरवलं की दाखवावी. मुलं भुताच्या गोष्टी आवडीने वाचतात. इथे भूत नाही, भूक आहे, आणि ती सांगणारा लेखक जगातल्या कुठल्याही कथाकाराच्या शेजारी बसेल असा आहे. मुलुंडच्या किंवा कांदिवलीच्या मुलाला उघडे पडलेले डोंगराचे कडे रोज दिसतात. हे दगड कोणी फोडले आणि आपल्या इमारती कुणाच्या हातांनी उभ्या राहिल्या, हा प्रश्न कथा संपताच ते स्वतः विचारेल.

हे आत्ताच का, असं कोणी विचारलं तर उत्तर उपनगरांतच आहे. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत जुन्या वस्त्या आणि बैठ्या चाळी पाडून तिथे टॉवर उठत आहेत. ज्या पटांगणांत शाहिरी रंगली ती पटांगणंच उरलेली नाहीत. अण्णा भाऊंचे अखेरचे दिवस गोरेगावच्या सिद्धार्थनगरात गेले, १८ जुलै १९६९ रोजी ते तिथेच वारले. शेजारच्या मुलांना याचा पत्ता नसतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचे जीव गेले आणि त्या दुःखात मुलुंडचे शाहीर विलास घोगरे आपण गमावले. हा इतिहास दूरचा नाही. मुलं तर आजही नव्या मित्राला पहिल्याच दिवशी आडनाव विचारतात. कशासाठी विचारतो हे त्यांना ठाऊक नसतं. मोठ्यांना ठाऊक असतं. जात बोलायचीच नाही असं ठरवलेल्या घरांतही ती घर भाड्याने देताना आणि लग्न जुळवताना हळूच बोलली जाते. मुलांना ती कुजबुजीतून कळण्यापेक्षा मुक्ता साळवेच्या स्पष्ट प्रश्नातून कळावी.

पुस्तकातल्या प्रत्येक ओळखीनंतर अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय कलावंताची किंवा खेळाडूची छोटी ओळख आहे. बाळूंच्या पाठोपाठ बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन येतात. पवळाबाईंनंतर मरियन अँडरसन ही गायिका येते. १९३९ साली वॉशिंग्टनमधलं सभागृह तिला रंगामुळे नाकारलं गेलं आणि ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभी राहून हजारोंच्या जनसमुदायासमोर गायली. ही जोडी लावताना एक भान आम्ही राखलं आहे. वर्ण डोळ्यांना दिसतो. जात आडनावात, गावाच्या वेशीबाहेरच्या घरात आणि वाट्याला आलेल्या कामात लपते. दोन्हींचं दुःख एकच, असं पुस्तक म्हणत नाही. साम्य कुठे आहे आणि फरक कुठे, हे मुलांनी शोधावं म्हणून प्रश्न दिले आहेत, उत्तरं दिलेली नाहीत.

शिक्षकांना आणि पालकांना एक कळकळीची विनंती. हे पुस्तक वर्गात वाचताना कुठल्याही मुलाला ‘तुमच्याकडे असंच होतं का’ असं विचारू नका. ज्याला सांगावंसं वाटेल ते मूल आपण होऊन सांगेल. आणि हे पुस्तक ‘त्यांच्या’ मुलांसाठी आहे असं समजून बाजूला ठेवू नका. ज्यांच्या आजोबांना पाणवठ्यावर अडवलं त्यांच्या नातवंडांना आपला वारसा अभिमानाचा आहे हे कळायला हवं. ज्यांच्या आजोबांनी अडवलं किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं, त्यांच्या नातवंडांना तर ते त्याहून अधिक कळायला हवं. अण्णा भाऊंची कथा, वामनदादांचं गीत, मुक्ताचा प्रश्न ही मराठी बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची मालमत्ता आहे, आणि ती त्याला मिळालीच पाहिजे.

म्हणून वाचायला बसण्यापूर्वी एवढं करा. कुठल्याही एका शाहिराचं एक गाणं मुलांना मोठ्याने ऐकवा, डफ किंवा ढोलकी असेल तर वाजवा, नसेल तर बाकावर ठेका धरा. मुलं गाऊ लागली की मग पहिलं पान उघडा.